शांतीबाईच्या हॉटेलातलं कालवण

माणूस दारू पितो म्हटल्यावर घरात जेवढा कल्लोळ होत नाही, तेवढा माणूस जेवत नाही म्हटल्यावर होतो. दारूला निदान कुणीतरी जबाबदार असतं, मित्र, नाका, पगाराचा दिवस. न जेवण्याला एकच जबाबदार असते, आणि ती म्हणजे घरातली सून. बुधाजी घरत जेवेनासे झाले तेव्हा नवीन पनवेलच्या त्यांच्या सोसायटीत हा न्यायनिवाडा दोन दिवसांत झाला. विनिताला जिन्यात भेटणारी प्रत्येक बाई तिच्याकडे जरा वाकड्या नजरेनं बघू लागली.

गोष्ट दोन हजार बारा सालच्या थंडीतली. आदल्या दिवाळीत हौसाबाई गेल्या आणि त्यानंतर बुधाजींची भाकरी अर्ध्यावर आली, मग चतकोरावर. सदरा अंगात लोंबायला लागला. त्यांचा मुलगा हरेश त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, "औषध द्यायला रोग तर हवा! जे आवडतं ते खायला घाला. पण महिनाभरात फरक पडला नाही, तर मात्र दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल." हरेश न्हावा शेव्याच्या कंटेनरांचे कागद रंगवणाऱ्या एका कचेरीत कारकून होता. नळी हा शब्द ऐकून त्याचीच भूक मेली.

आवडतं ते घाला, हे सांगायला सोपं. बुधाजींना आवडायचं काय, हे घरातल्या भिंतींनाही पाठ होतं. जन्मभर त्यांनी एसटी चालवली, त्यातली बरीच वर्षं पनवेल-महाड. माणगावच्या अलीकडे एका थांब्यावर शांतीबाईचं हॉटेल होतं आणि तिथलं माशाचं कालवण म्हणजे बुधाजींच्या मते स्वयंपाकाचा शेवटचा शब्द. हौसाबाईंनी जन्मभर राबून कालवण करावं आणि यांनी पहिल्या घासाला म्हणावं, "बरा हाय. पन शांतीच्या हाटेलासारखा नाय." हौसाबाई नुसत्या हसायच्या. विनिता मूळची नाशिककडची. मासा पाण्यात राहतो एवढंच तिला लग्नाआधी ठाऊक. तिला हौसाबाईंनी हाताला धरून सगळं शिकवलं, आणि मग तिच्याही वाट्याला रोज शांतीबाई आलीच. पण विनिताला सासूसारखं हसता येत नसे. ती ओट्याकडे तोंड करून उभी राहायची.

शेजाऱ्यांनी सल्ले दिले. सल्ला द्यायला सोसायटीत कुणालाही ठराव लागत नाही. कुणी ओव्याचा अर्क सांगितला, सेक्रेटरींनी दृष्ट काढायला सांगितली. खालच्या मजल्यावरच्या अरुंधतीकाकूंनी मात्र विषयाचा सखोल विचार केला होता. त्या म्हणाल्या, "अरे, मग न्या की त्यांना त्या शांतीबाईकडे! पण एकदम नको. झोपलेली जीभ एकदम उठवली तर बिथरते. वाटेत ठिकठिकाणी थांबा. इथला वडा, तिथली भजी, पुढची मिसळ, असं थोडं थोडं चाखवत न्या. माणगावपर्यंत भूक आपोआप जागी होईल." जीभ बिथरते हे कुठल्या ग्रंथात आहे ते काकूंना कुणी विचारलं नाही. हरेशला ते पटलं, कारण त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं.

आता खरी अडचण सांगायला हवी. हरेशनं नुकतीच जुनी अल्टो घेतली होती आणि गाडी चालवायला तो चाळिशीत शिकला होता. आजवर तो फार तर मार्केटपर्यंत जाऊन परत आला होता, तेही रविवारी पहाटे. आणि आता त्याच्या शेजारच्या सीटवर असा माणूस बसणार होता, ज्यानं घाटात, पावसात, फुटक्या काचेच्या लाल गाडीतून पन्नास-पन्नास माणसं सुखरूप पोचवली होती. यापेक्षा साहेबाला बाजूला बसवून पत्र टाइप करणं बरं, असं हरेशला वाटलं. साहेबांनी आधीच रजेच्या वेळी हैराण केलं होतं. "कारण काय लिहू? वडिलांना वडे खायला नेणं?" त्यांनी विचारलं. शेवटी वैद्यकीय कारण असं लिहून रजा मिळाली, आणि तेव्हापासून कचेरीत हरेशला काहीतरी गंभीर झालंय अशी बातमी होती.

शनिवारी सकाळी निघाले. बुधाजींनी धुतलेला खाकी सदरा घातला होता. नको म्हटलं तर आलेच नसते. मागं विनिता बसली. गाडी सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडेपर्यंतच बुधाजींनी पायाखालच्या रबरी चटईवर तीनदा ब्रेक दाबला होता.

"बाबा, तिकडे ब्रेक नाही," हरेश म्हणाला.

"मना म्हाईत हाय. पन तू दाबत नाय ना, मंग कोनीतरी दाबाला पायजे."

पळस्प्याला पहिला वडा. बुधाजींनी तो हातात घेतला आणि टायरमधली हवा बघतात तसा अंगठ्यानं दाबला. "हवा कमी हाय," म्हणाले आणि कागदावर ठेवून दिला. कर्नाळ्याच्या उतारावर कांदाभजी. एक भजं तोंडात टाकलं, बराच वेळ चघळलं आणि म्हणाले, "तेल बदलाला झालंय." विनितानं हरेशकडे आरशातून बघितलं. हरेशनं आरशात बघितलं म्हणून गाडी डावीकडे गेली आणि बुधाजींनी चौथा ब्रेक दाबला.

बरं, खाणं राहिलं बाजूला. रस्त्याकडेला कुणी हात केला की बुधाजी म्हणत, "घे, घे, थांबा हाय." हरेश म्हणे, "बाबा, ही आपली स्वतःची गाडी आहे." त्यावर ते म्हणत, "मंग काय झाला? मान्सं उन्हात उभी हायेत." एकदा हरेश बोलण्याच्या नादात थांबला, तर एक बाई सुकटीची पाटी घेऊन दार उघडून आत बसलीसुद्धा. पेणपर्यंत ती बुधाजींशी जुन्या गाड्यांच्या वेळांबद्दल बोलत होती आणि विनिता पाटी मांडीवर घेऊन बसली होती. बुधाजी मात्र खुलले होते, हे मान्य करायला हवं. खात काही नव्हते, पण बोलत होते.

पेणला त्या बाईला उतरवायचं होतं. बुधाजी म्हणाले, "डावीकडं घे." हरेशनं डावीकडे घेतलं. "आता आत. सरळ. त्या खांबाला लाव." हरेशनं सरळ नेऊन लावली आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की आपण एसटी स्टँडात, फलाटावर, दोन लाल गाड्यांच्या मधे उभे आहोत. वरती लाऊडस्पीकर खरखरला. पांढऱ्या रंगाची खाजगी गाडी फलाटावर का आली आहे, असा प्रश्न सबंध स्टँडाला विचारण्यात आला. प्रवाशांनी माना वळवल्या. एका आजोबांनी "ही अलिबागला जाते का?" म्हणून काचेवर टकटक केली.

हरेशचे कान तापले. "बाबा, आत का आणलीत?"

"नोंद नको?" बुधाजी चकित होऊन म्हणाले. "नोंद केल्याबिगर गाडी पुडं जाते काय कदी?"

मागून बस येत होती, म्हणून अल्टोला मागं जाता येईना. पुढं भिंत होती. कंट्रोलर खिडकीमागून उठून बाहेर आले. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते आणि बरोबर असलेल्या माणसाचा आवाज जसा असतो तसाच त्यांचा होता. गाडीचा नंबर, लायसन्स, लेखी खुलासा. हरेशनं आयुष्यात दुसऱ्यांचे हजार खुलासे लिहिले होते. स्वतःचा लिहिताना त्याला "वडिलांच्या सवयीमुळे" याच्यापुढे शब्द सुचेना. तेवढ्यात कंट्रोलरांचं लक्ष खाकी सदऱ्याकडे गेलं. "कुठले डेपोचे?" त्यांनी विचारलं. मग दोघांचं बोलणं सुरू झालं, चहा आला, आणि खुलासा टेबलावर तसाच राहिला. बुधाजींनी चहा अर्धा प्यायला. बशी हरेशकडे सरकवली.

वडखळला खरी फजिती झाली. इथं एक रिवाज सांगितला पाहिजे, नाहीतर बुधाजींवर उगाच आळ येईल. ज्या हॉटेलापाशी एसटी थांबते, तिथं ड्रायव्हर-कंडक्टरनं फुकट जेवायचं, ही रस्त्याची जुनी रीत. गाडी थांबली की पन्नास गिऱ्हाइकं उतरतात, त्याचा तो मान. लाच म्हटलेलं बुधाजींना खपत नसे. लाच कोपऱ्यात देतात, मान ताटात वाढतात, असं ते म्हणत. वडखळच्या नव्या, काचेच्या दारांच्या हॉटेलात हरेश आणि विनिता टेबल शोधत असताना बुधाजी सरळ भटारखान्यामागच्या बाकावर जाऊन बसले. पोऱ्यानं विचारलं, "कुठली गाडी?" बुधाजी म्हणाले, "पनवेल-महाड." पोऱ्यानं राइसप्लेट आणून ठेवली, वर दोन पापड.

मालक बाहेर येऊन रस्त्यावर बघू लागला. बस कुठंच नव्हती. "काका, गाडी कुठं लावलीत? पॅसेंजर आत आले नाहीत."

"आले की," बुधाजींनी हरेश आणि विनिताकडे बोट केलं. "दोन हायेत. आज लोड कमी हाय."

हॉटेलभर हशा पिकला. हरेशनं धावत जाऊन बिल भरलं, तर बुधाजी भडकले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्या ताटाचे पैसे कुणी दिले नव्हते आणि आज पोटच्या पोरानं चारचौघांत देऊन त्यांना साधा पाशिंजर केला होता! ते ताटावरून उठले. भात तसाच राहिला, पापडसुद्धा. विनिताच्या डोळ्यांत पाणी आलं. हरेशला बापाचाही राग आला, मालकाचाही आला आणि अरुंधतीकाकूंचा तर फारच आला.

नागोठणं, कोलाड गप्पांशिवाय गेलं. रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं. झाडं तोडून टाकली होती आणि बुधाजी काचेला नाक लावून ओळखीची जागा शोधत होते. "हितं चिंच व्हती," एवढंच मधूनच म्हणत. शांतीबाईचं हॉटेलही गेलं असेल अशी भीती हरेशला वाटत होती. आणि ते असलं आणि तिथंही बाबांनी घास खाली ठेवला तर पुढं काय, ही त्याहून मोठी भीती होती. कारण त्यापुढं नळीच होती.

हॉटेल होतं. अंगणाचा पुढचा भाग रस्त्यात गेला होता, पाटी नव्हती, पण कौलं तीच होती. चुलीपाशी एक म्हातारी बसली होती. बुधाजी गाडीतून उतरले ते आज पहिल्यांदाच कुणाचा हात न धरता.

"डायवरदादा!" म्हातारी उठून उभी राहिली. "अवो, किती वाळलात!"

"शांतीबाय, ही सून, हा पोरगा. लांबून आलोय. मना मागं पडवीत वाढ, हमेशासारखा. आज यांना पन कालवान वाढ."

बुधाजींनी हा पडवीचा मान घरी हजारदा सांगितला होता. पाशिंजरं पुढच्या खोलीत बाकड्यावर, उसळ-पाव खात. ड्रायव्हर मागच्या पडवीत, खाटेवर, वेगळं ताट, वेगळं जेवण. मंत्र्याला नाही असा थाट!

शांतीबाई जागची हलली नाही. "कसलं कालवान?"

"माशाचा. दुसरा कसला?"

विनिताचं लक्ष तेव्हा तिच्या गळ्याकडे गेलं. "आजी, तुम्ही माळकरी ना?"

"सासूच्या येळेपासनं," शांतीबाई म्हणाली. "या चुलीवर कदी अंडं फुटलं नाय, मासा कुठला? म्हनून तर यांना मागं पडवीत बसवीत व्हते. आत मासा आनू दिला असता तर सासूनं मना घरातनं काडली असती."

रस्त्यावरून दोन ट्रेलर गेले.

"मंग मी काय जेवत व्हतो?" बुधाजींनी विचारलं.

"हौसाबायच्या हातचं. दुसरं कुनाचं?" शांतीबाई हळूच खाली बसली. "तुमी पोटानं आजारी व्हतात ना, दवाखान्यात ऱ्हायलेला? डाक्टर बोलला, बाहेरचं बंद. हौसाबाय बोलली, डबा न्या. तर तुमी काय बोललात?"

बुधाजींना ते आठवलं. खालमानेनं त्यांनीच सांगितलं, "डबा कारकून खातो. डायवर नाय."

वीस वर्षं डबा खात आलेल्या हरेशला अशा प्रसंगातही ते लागलं.

"मंग ती मागच्या गाडीच्या दादू कंडक्टरच्या हातून डबा धाडायची. तुमी महाडवरनं फिरून येईस्तोवर डबा हितं. मी ताटात काडायची, बास. हाटेलचं म्हटलं का तुमी बोटं चाटायचात."

म्हणजे दुपारी ज्या कालवणाला बुधाजींनी माना डोलावल्या, त्याच टोपातलं उरलेलं कालवण रात्री घरी खाऊन त्यांनी "शांतीसारखा नाय" म्हणून ताट सरकवलं होतं. वर्षानुवर्षं! हरेशला हसू आलं आणि ते तोंडातच अडकलं. बापाच्या चेहऱ्याकडे बघून हसण्याची त्याची छाती झाली नाही.

"विनिता," बुधाजी म्हणाले, "तुना कालवान कोनी शिकवला?"

"आईंनी."

"मी काय बोलायचो ते खाऊन?"

विनिता म्हणाली, "आई म्हणायच्या, नावं ठेवू दे त्यांना. आपण मीठ नीट बघून घालायचं."

"मना सांगितला का नाय तिनं?" ते कुणालाच उद्देशून नव्हतं, पण शांतीबाईनं उचललं.

"एकदा सोताच आली व्हती की, दादूच्या गाडीनं. डोक्यावरनं पदर घिऊन हितं बाकड्यावर बसली, पाशिंजरांत." तिनं आतल्या भिंतीकडे बोट केलं. तिथं मागच्या पडवीत उघडणारी, हातभर खिडकी होती. "त्या खिडकीतनं बगत व्हती. तुमी भायेर जेवत व्हतात नि मना सांगत व्हतात, शांतीबाय, जरा माज्या बायकूला शिकव. पदर तोंडात कोंबून हसली बिचारी. हसून हसून मंग डोळं पुसलंन. मी बोलली, सांग आता त्यांना. तर बोलली, नको गं. मानूस जेवतोय ना? मंग कुनाच्या का नावानं जेवंना."

बुधाजी उठले. त्या हॉटेलात ते इतकी वर्षं येत होते, पण पुढच्या खोलीत त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. ते आत गेले, खिडकीजवळच्या बाकड्यावर हात फिरवला आणि बसले. "पाशिंजराला काय देतेस ते दे," म्हणाले.

शांतीबाईनं उसळ-पाव आणला. हरेशनं आणि विनितानंही घेतला. उसळीत मीठ नव्हतं आणि पाव कालचा होता. तिखट मात्र कसलाही संकोच न करता घातलेलं होतं. बुधाजींनी पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला. नाकातून पाणी आलं, ते तिखटाचं की कशाचं कोण जाणे.

"शांतीबाय, राग मानू नको," ते म्हणाले. "पन तू काय सुगरन नाय."

"मी कदी बोलली व्हती?" शांतीबाई म्हणाली, आणि विनिता खळखळून हसली. कितीतरी महिन्यांनी ती हसली होती.

"हरेश, तू जरा भायेर जा. पडवीत बस."

"कशाला?"

"बस बोलतोय ना! प्लेट घेऊन जा. खात बस."

हरेश गेला. पडवीत खाट नव्हती. एक दगड होता आणि भोवती कोंबड्या होत्या. चांगली इस्त्रीची पँट घातलेला, हाताखाली दोन माणसं असलेला कारकून दगडावर बसून कालचा पाव उसळीत बुडवू लागला. एक कोंबडी त्याच्या बुटाला चोच मारत होती. मागं बघू नये असं त्याला वाटत होतं, तरी त्यानं बघितलं.

हातभर खिडकीत त्याच्या बापाचं तोंड होतं. बाप त्याच्याकडे बघत होता, पण बघत त्याला नव्हता. आधी त्याचे खांदे हलले. मग तो हसायला लागला, अगदी पोट धरून, तोंडावर हात दाबून. हसता हसता त्यानं बाहीनं डोळे पुसले, पुन्हा हसला, पुन्हा पुसले. हरेशला जागेवरून उठावंसं वाटलं, पण तो उठला नाही. त्यानं मान खाली घातली आणि ती अळणी उसळ बोटं चाटूनपुसून संपवली.

आतून आवाज आला, "शांतीबाय, आनखी एक प्लेट दे."